कपाळावरची पट्टी

३ जून
आलो बाई एकदाच्या! दोन खोल्या, हवेशीर, आणि मी कामाला आहे ते चष्म्याचं दुकान समोरच. लेकीने आल्या आल्या खिडकीतली जागा बळकावली. घरमालकीणबाई गोड आहेत. साठीच्या पुढच्या, कपाळाला कायम निळी पट्टी. मागच्या खोलीत त्यांचा मुलगा पडून असतो, आजारी आहे म्हणाल्या. दिवसभर उजेडापुढे भिंगं धरून तपासायची म्हणजे माझ्या अर्धशिशीला आमंत्रणच, पण पोटासाठी करायलाच हवं.

९ जून
आज डोक्याने इंगा दाखवला. आधी डोळ्यांपुढे वाकडीतिकडी चमक, मग उजव्या कानशिलात घणाचे घाव. डॉक्टरांची गोळी घेतली, ती उलटून पडली. सुंठेचा लेप, अंधारी खोली, गरम पाण्यात पाय, सगळं करून झालं. ढिम्म फरक नाही. लेक बिचारी चवड्यांवर चालत होती.

मालकीणबाई डोकावल्या. त्यांनाही तरुणपणी हाच त्रास होता, पट्टीने गेला म्हणे. मलाही एक देते म्हणाल्या. मग विचारलं, लेक पोटचीच ना? हा काय प्रश्न झाला! पण तेव्हा कुणी विष दिलं असतं तरी मी घेतलं असतं. त्यांनी गाठ मारली आणि दिवा मालवावा तसं दुखणं थांबलं.

१४ जून
काय सुख आहे! पट्टी आंघोळीलासुद्धा काढत नाही. गोळ्या कपाटात फेकून दिल्या. दुकानाचे मालक म्हणाले, बाई, तुम्हाला हसता येतं की! लेक मात्र सारखी किरकिर करतेय. शाळा नवी आहे, होईल सवय.

१७ जून
शाळेतून बोलावणं आलं. लेकीला उलट्या. उजेड नको म्हणते. कानशील धरून बसली होती. उजवंच.

घरी आणलं आणि माझ्या कपाळावरची पट्टी सोडली. त्याच क्षणी कळ माझ्याकडे परत आली, आणि ती टुणकन उठून खायला मागू लागली.

१८ जून
मालकीणबाईंना जाब विचारायला गेले. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. चाळिशीचा माणूस उशीत तोंड खुपसून कण्हत होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "मीसुद्धा सोडली होती गं. दोन दिवस तग धरला."

मी आई आहे. मरेन, पण बांधणार नाही. दुसरी खोली बघते.

१९ जून
गोळी. पुन्हा गोळी. काही नाही. आधीपेक्षा वाढलंय, इतक्या दिवसांचं साठून आल्यासारखं. उठवत नाही, खोली कसली बघतेय. पट्टी जाळायला काडी ओढली, तर त्या उजेडानेच ओकारी—

२० जून
अक्षरं दिसत नाहीत नीट. लेकीने कपाळावर हात ठेवला. म्हणाली, "आई, थोडं मला दे ना." तिला कसं कळलं— ओरडले तिच्यावर. शाळेत पिटाळलं.

पट्टी हातात आहे. मीच घेतली? भीती वाटते मला, माझीच—

ती आता खेळत असेल. खेळताना कळायचंही नाही. गाठ नाही मारणार, नुसती टेकवते— ती यायच्या आत काढेन, तिची शपथ—

हां. किती बरं वाटतंय.

फोन वाजतोय. शाळेचा असेल. वाजू दे. पाचच मिनिटं अजून, मग लगेच