मीटर बसू देणार नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०
ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस. घरोघरी नळाला मीटर बसणार. जितकं पाणी वापराल, तितकी पाणीपट्टी. म्हणजे आता माणसाने दाढीसुद्धा मोजून करायची!

संकल्प: मीटर बसू देणार नाही. गावाला नेतृत्व नाही, ते मी देईन. रिटायर झाल्यापासून दोन वर्षं तब्येत सांभाळण्यात गेली. आता बास.

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं शेतकऱ्यांकडून पाणीपट्टी वसूल केली. तळोद्याकडे तर माझी मोटारसायकल दिसली की लोक शेत सोडून पळायचे. तेव्हा पाणीपट्टीतला अन्याय माझ्याइतका कोणाला कळणार? ते पाणी शेतीचं होतं, हे घरातलं आहे. तत्त्वाचा फरक आहे.

प्रमिलाबाईंना संकल्प सांगितला. म्हणाल्या, "आधी आंगोय करी ल्या. पानी चालनं जाई."

संकल्पापुढे अंघोळ! बायकोला राजकारण कळत नाही.

५ मार्च
आमच्या ओट्यावर कृती समिती स्थापन. अध्यक्ष मी. उपाध्यक्ष उदेसिंग, बालमित्र, गावातल्या एकमेव जेसीबीचा मालक. सचिव किराणावाले सुमेरमल. त्यांच्या तीन पिढ्या गावात गेल्या, तरी हिंदी सुटत नाही. तिघांनी पाण्याच्या तांब्यावर हात ठेवून शपथ घेतली की मरेपर्यंत मीटर नाही.

सुमेरमल म्हणाले, "मरे तक तो ठीक है हिंमतभाऊ, पण लेखी काही नको."

असा सावध सचिव भाग्याने मिळतो.

७ मार्च
सरपंच आशाताई स्वतः घरी आल्या. भिलाटीतली, म्हणजे भिल्ल वस्तीतली मुलगी, बी. ए. झालेली. नळधारकाने अर्ज भरून सही केली की मीटर बसतं म्हणाल्या. मी स्पष्ट सांगितलं, माझी सही माझ्या मेल्यावरसुद्धा मिळणार नाही. त्या "बरं काका" म्हणाल्या. अर्ज ओट्यावर ठेवून गेल्या.

चांगल्याच भेदरल्या.

११ मार्च. दुपार
भिलाटीतून धनुबाई आली. वाटलं, पाठिंबा द्यायला. भिलाटी म्हणजे पाइपलाइनचं शेवटचं टोक. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "दादा, तुमनी मोटार बंद करा ना. ती चालू ऱ्हास तवलग आमना नळले थेंब येस नही."

मोटार म्हणजे वरची टाकी भरायला नळाला जोडलेला पंप. जेमतेम अर्धा एचपी. मी एकटाच लावतो असं थोडंच आहे? (सुमेरमलनी काढला, पण त्यांची टाकी लहान.) तिला शांतपणे समजावलं की दोष मोटारीचा नसून प्रेशरचा आहे. प्रेशरचा मुद्दा निवेदनात घेतो. रिकामा हंडा कडेवर घेऊन ती गेली.

प्रमिलाबाई दारामागून सगळं ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत. मूक पाठिंबा.

१७ मार्च
नंदुरबारला जिल्हा परिषदेच्या ऑफिसात निवेदन दिलं. चार पानं. क्लार्कने शिक्का मारला, आवक नंबर दिला आणि मान हलवली. शासन हादरलं आहे. उपाध्यक्ष येणार होते, पण जेसीबीला अचानक काम लागलं. सचिव दुकानात अडकले.

सायंकाळी ६.१५
घरी आलो तर नळाला मीटर! निळं झाकण, आत काटा.

प्रमिलाबाई म्हणाल्या, "मानूस उना, बसाडी गया."
अर्ज कोणी भरला?
"मी."
सही?
"मन्हीच."
मी विचारलं, मी या लढ्याचा अध्यक्ष आहे हे तुम्हाला माहीत नाही का?
"माले माहित शे," म्हणाल्या. "गावले माहित नही."

निषेध म्हणून जेवलो नाही. फक्त दूध-भाकरी.

१८ मार्च
मीटरला पोतं बांधलं. अहिंसक असहकार. काटा दिसला नाही तर रीडिंग कसलं घेतात बघू.

दुपारी पोतं धुऊन दोरीवर वाळत घातलेलं आढळलं. चौकशी केली नाही.

२२ मार्च
जेसीबीचं काम कसलं ते कळलं. मीटरच्या नवीन पाइपासाठी गल्लीगल्लीत चर खोदायचं कंत्राट. उदेसिंगला त्याच्या जेसीबीपाशी जाऊन गाठलं. बालमित्र! मारुतीच्या पारावर एका ताटात जेवलेलो आम्ही. इंजिन बंदसुद्धा न करता ओरडून म्हणाला, "भाऊ, मी चर खोदस. मीटर दुसराच बसाडस. मन्ही शपथ मीटरनी व्हती, चरनी नही!"

वर आमच्याच दारासमोर खोदताना अंगणातला कढीपत्ता उपटला.

२५ मार्च
सुमेरमलनी वर्षभराची अंदाजे पाणीपट्टी आगाऊ भरून टाकली. आगाऊ भरली तर सूट आहे. जाब विचारला. तूरडाळ मोजता मोजता म्हणाले, "विरोध अपनी जगह, सूट अपनी जगह."

सचिवपदावरून तत्काळ काढलं. लेखी काहीच नसल्यामुळे काढल्याची नोंद कुठे करायची हा प्रश्न आहे. इथे करतो.

समितीत आता फक्त निष्ठावंत उरले. म्हणजे मी.

२९ मार्च
बेमुदत उपोषण, ग्रामपंचायतीसमोर.

९.०० खुर्ची टाकून बसलो. उत्साह.
१०.३० ऊन. आशाताईंनी शिपायाला सांगून माझ्या डोक्यावर ताडपत्री बांधून दिली. सत्ताधाऱ्यांची चाल, पण सावली स्वीकारली.
११.४५ भिलाटीतल्या बाया शेतातल्या विहिरीवरून हंडे घेऊन गेल्या. एकीने थांबून मला ग्लासभर पाणी दिलं. उपोषणात पाणी चालतं. प्यालो. ती कुठल्या विहिरीवरून आली विचारलं, तर तिने लांब बोट दाखवलं. बरंच लांब.
१.५० ॲसिडिटी.
२.१० उपोषण व्यापक जनहितार्थ स्थगित. लिंबू-सरबत स्वतःच घेतलं, कारण पाजायला कोणी पुढारी आला नाही.

१६ एप्रिल
सुरतहून योगेंद्रचा फोन. म्हणतो, पप्पा, आमच्या सोसायटीत मीटरच आहे, भरून टाका ना. पोटच्या पोरात परकी हवा शिरली.

निर्णायक लढाई आता १ मेच्या ग्रामसभेत. भाषण तयार करतो आहे. लोकांना फक्त वाचा फोडणारा हवा असतो.

१ मे. दुपारी १.३०
ग्रामसभेतून मधूनच घरी आलो.

भाषण वीस मिनिटं झालं. चांगलं झालं. मी म्हणालो, पाणी म्हणजे माणुसकी, आणि माणुसकीला मीटर लावता येत नाही. इथे टाळ्या अपेक्षित होत्या. तेवढ्यात धनुबाई उठली.

म्हणाली, "दादा खरं सांगी ऱ्हायनात. मानुसकीले मीटर नही ऱ्हास. दोन उन्हाळा व्हई ग्यात, दादा दुपारले झोपना का परमिलाताई मांगना दारथीन नळी सोडस. आमी हंडा भरतस. ती नही ऱ्हाती तं आमी कुठं जातूत?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी प्रमिलाबाईंकडे बघितलं. त्या बायकांमध्ये बसल्या होत्या, पदर सावरून. दोन उन्हाळे! भिंतीपलीकडे अर्धी भिलाटी हंडे भरत होती आणि मी पंख्याखाली घोरत होतो. माझीच टाकी, माझीच मोटार, आणि मलाच पत्ता नाही.

मग आशाताईंनी ठराव मांडला. मीटर राहतील, नळावरच्या मोटारी निघतील. हात वर करा.

पहिला हात प्रमिलाबाईंचा. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या, इतका वर. उदेसिंगने तर दोन्ही केले. सुमेरमलनी आधी इकडेतिकडे बघितलं, मग केला.

विरोधात एक.

नंतर पाणीपुरवठा समिती निवडल्याचं कळलं. अध्यक्ष: प्रमिलाबाई. बिनविरोध, कारण तोपर्यंत मी उठून आलो होतो.

सायंकाळी
प्रमिलाबाईंना विचारलं. छत्तीस वर्षांचा संसार, एकदा तरी सांगायचं होतं.

म्हणाल्या, "कितली दाव सांगं. मोटार काढा, मोटार काढा. तुमी दर दाव म्हनेत, प्रेशरना प्रॉब्लेम शे."

आवाज चढलेला नव्हता. भाकरी थापता थापता बोलल्या. तेच जास्त लागलं. उदेसिंग फितूर झाला, झाला. व्यापारी व्यापाऱ्यासारखा वागला. पण त्यांचं खंजीर खुपसणं बाहेरचं. हे घरातलं. छातीत काहीतरी होतं आहे. ॲसिडिटी नाही, गोळी घेऊन पाहिली.

३ मे
पंचायतीच्या माणसाने मोटार काढून नेली. मी मागच्या खोलीत पेपर वाचत होतो. दोनदा तेच पान वाचलं.

लढा संपलेला नाही. वरच्या ऑफिसात माझं निवेदन आहे. चार पानं, आवक नंबरसकट. न्याय वरूनच येतो.

९ मे. सकाळी ८.००
उत्तर आलं! सरकारी पाकीट. देव्हाऱ्यासमोर ठेवून मग फोडलं. साडेतीन ओळी.

"अर्जदार श्री. हिंमतराव पाटील यांच्या नावे सदर गावात नळजोडणी आढळून येत नाही. सबब अर्जदारास पाणीपट्टीबाबत तक्रार करण्याचा अधिकार पोहोचत नाही. अर्ज दप्तरी दाखल."

नळजोडणी नाही? घर माझं, नळ माझा! मग उलगडलं. मीटरचा अर्ज त्यांनी भरला, सही त्यांची, म्हणून नळही आता त्यांच्याच नावे. गावाच्या यादीत 'प्रमिला हिंमतराव पाटील'. मी आहे, पण मधे.

प्रमिलाबाई रीडिंग घ्यायला निघाल्या होत्या. काखेत रजिस्टर, बाहेर धनुबाई वाट बघत. पत्र त्यांच्यापुढे धरलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. हसतील वाटलं. हसल्या नाहीत.

म्हणाल्या, "तुमले काही तक्रार व्हई तं समितीले अर्ज करा. अध्यक्षना नावे. मी वाचसू."

आणि चपला घालून गेल्या.

८.४०
अर्ज लिहायला बसलो आहे. 'प्रति, मा. अध्यक्षा' इथपर्यंत झालं.

९.२५
विषय सुचत नाही.