कोबाल्टच्या दोन बाटल्या

प्रिय मीनल,

काल तुझ्या प्रयोगशाळेत जाऊन आलो. गिरगावातून बसनं परळला, तू गेल्यावर पहिल्यांदाच. आल्यापासून अंग मोडून आलंय, पण तुला कळवल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसलो.

श्रुतीचा फोन आला होता. तुझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची ती. म्हणाली, "काका, मशीनवर आपला नंबर लागला. मीनलचे नमुने आज लावतेय. याल?" आई नको म्हणाली. मी एकटाच गेलो.

आठवतं, जेवताना तू सांगायचीस? कोबाल्टचा क्षार एकच, पण त्यात रेणू दोन तऱ्हेचे, एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. मी विचारलं, "रंग तोच, वजन तेच, मग फरक कसला?" तर म्हणालीस, "बाबा, डावी चप्पल उजव्या पायात घालून गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन या." गेलो की. शेजारच्या वहिनी बघतच राहिल्या.

चिंचेत असतं ते आम्ल वापरून तू दोन्ही तऱ्हा वेगळ्या करायच्या मागे लागलीस. कितीदा फसलं ते. अंगात ताप मुरला होता, तो का नाही गं सांगितलास? हॉस्पिटलातही तुझं एकच, "श्रुतीनं मोजलं का?" मशीन बंद पडलं होतं. दुरुस्त होईपर्यंत तू थांबली नाहीस.

काल तिनं दोन्ही नमुने लावले. डावीकडे फिरणारा प्रकाश आणि उजवीकडे फिरणारा, यातला कुठला जास्त शोषला जातो ते मशीन मोजतं म्हणे. पहिली रेघ वर गेली. दुसरी त्याच जागी, तेवढीच खाली, आरशात दिसावी तशी. मला त्यातलं किती कळणार? पण श्रुती रडायला लागली. "काका, जमलं होतं तिला."

मग चाचरत म्हणाली, "उरलेलं माझ्या प्रयोगाला घेऊ का? पण मग ते संपेल."

तुझ्या नमुन्यांच्या दोन्ही बाटल्या माझ्या हातात होत्या. आत बारीक केशरी खडे. घरी आणायच्या होत्या गं मला. पण आणून ठेवणार कुठे, तुझ्या फोटोपुढे? "घे," म्हणालो आणि जिना उतरलो.

आईनं दार उघडताच विचारलं, "आणलंत काही तिचं?" मी नाही म्हणालो, बाटल्यांचं सांगितलं. तशी ती म्हणाली, "मला एकदा बघायचं होतं."

आज श्रुतीला फोन केला. शनिवारपर्यंत बाटल्या उघडणार नाही, म्हणाली. शनिवारी आईला घेऊन जातो, नक्की.

तुझे,
बाबा