कोरड्या पाइपची तालीम

प्रिय छाया,

सप्रेम जयभीम. फोनवर काही सांगायले गेलं की तू हसण्यावारी नेतेस, म्हणून कागद घेऊन बसलो. लेकरं बरी आहेत ना?

इकडं फायर ब्रिगेडात आमची दर सोमवारी आग विझवायची तालीम असते. तुले वाटत असंन, दादा पाण्याचे फवारे उडवून राह्यला. कायचे फवारे, बाई! उन्हाळा लागला की आमच्या गाडीचं पाणी वॉर्डावॉर्डात वाटतेत. लोकांले प्यायले नाही, तिथं तालमीले कोण देते? मग आम्ही कोरडाच पाइप पसरतो. पाइपच्या तोंडाशी, तोटीवर, प्रज्वल असते. आग विझवणाऱ्याचं नाव पाहा! खरं म्हणजे हबीबचाचानं पंपाचा दांडा ओढायचा, पाणी तोटीले पोचलं की प्रज्वलनं 'आलं' म्हणून ओरडायचं, आन ते ऐकून चाचानं मागच्या टँकरचा पाइप जोडायले पळायचं. पण कोरडा पंप चालवला तर खराब होते. म्हणून चाचा दांड्याले हातच लावत नाही. प्रज्वल उगाच 'आलं' ओरडते, चाचा पळते, साहेब शाब्बास म्हणतेत.

मागच्या आठवड्यात एका शेतात गुरांच्या कुटाराची गंजी पेटली. गाडी काठोकाठ भरलेली होती. प्रज्वलनं तोटी धरली आन सवयीनं 'आलं' म्हणून ओरडला. चाचाही सवयीनंच, दांडा न ओढता, टँकरकडं पळाला. मी प्रज्वलच्या मागं पाइप धरून उभा. गाडीत एवढं पाणी, आन आमच्या हातात कोरडा पाइप! कोणाच्या ध्यानात येईपर्यंत आग गोठ्याले लागली. आत म्हैस बांधलेली होती. छाया, ते हंबरणं मले अजून जेवू देत नाही. साहेबाले म्हटलं, एक तरी तालीम पाण्यानं घेऊ. ते म्हणे, पाऊस लागू दे. या सोमवारी पुन्हा कोरडाच पाइप पसरला.

तुमच्या गावालेही आमचीच गाडी येते. आपले जावई रवीभाऊ परवा भेटले होते. सांगत होते, घरामागं जिनिंग मिलच्या कापसाचा ढीग तुमच्या पत्र्याच्याही वर गेला, आजूबाजूचे निघून गेले. त्यांनी खामगावले खोली पाहून ठेवली, पण तूच हलत नाहीस. साऱ्यांले सांगतेस म्हणे, माझा दादा फायर ब्रिगेडमध्ये आहे, आपल्याले कायचं भेव! त्याच्यासाठीच हे पत्र लिहून राह्यलो. माझ्या भरवशावर तिथं राहू नको, माय. खामगावले जा. आन जायच्या आधीच कापूस पेटला, तर मले फोन करत बसू नको, भोंग्याची वाट पाहू नको. सासूबाईले रवीभाऊच्या पाठीवर दे, लेकरांले हाताले धर आन पळ. आम्ही येऊ, जीव तोडून येऊ. पण तू आमच्यासाठी थांबू नको.

तुझाच धास्तावलेला दादा,
संघपाल