आधी हातात खडू द्यावा

३ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला काही ऐकू येत नाही, म्हणून पत्र. बाबा वाचून दाखवतीलच.

जुन्या इस्पितळाच्या लिफ्टचं काम संपलं. अकरा दिवस मशिनरूममध्ये मी आणि माझे दोन फिटर. शेवटी लिफ्टच्या दोराच्या जोडणीशेजारी हातात पाना घेऊन फोटो काढला आणि नोकरी-धंद्यातली माणसं एकमेकांना गाठतात त्या साइटवर टाकला. तासाभरात आमच्या क्षेत्रातल्या एका बड्या साहेबांनी खाली लिहिलं, की पाना खरंच फिरवता येतो की फोटोपुरता हातात दिलाय, आणि असा गोड चेहरा ग्रीसमध्ये वाया घालवू नये. साठ जणांनी हसरे चेहरे लावले.

पंचाईत अशी, की मुख्य अभियंत्याच्या जागेसाठी मी अर्ज केलाय. मुलाखत वीस तारखेला, आणि घेणाऱ्या तिघांत हे साहेब. उत्तर दिलं तर मी आगाऊ, गप्प बसले तर पुढच्या मुलीलाही हेच. मैत्रिणी म्हणतात तक्रार कर, ऑफिसातले म्हणतात हसून सोड. तू काय म्हणतेस?

तुझी सगळ्यात लाडकी (हे मीच ठरवलंय),
भिंगरी


७ मार्च

चि. नातीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले, मजकूर समजला. अशा प्रसंगी मौन श्रेयस्कर. मोठ्या माणसांशी वाद घालून पदरात काही पडत नाही. फोटो उतरवावा व मुलाखतीकडे लक्ष द्यावे. प्रकृतीस जपावे.

तुझी आजी


१० मार्च

ती. आजीस सा. न.

तू सांगितलंस म्हणून फोटो उतरवला. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं. पण तेव्हापासून मशिनरूममध्ये शिरताना चोरून आल्यासारखं वाटतं.

आजी, तुला बरं नाही का? पत्रात एक टोमणा नाही, मला भिंगरी म्हटलं नाहीस, आणि "श्रेयस्कर" हा शब्द तुझ्या तोंडून मी जन्मात ऐकलेला नाही. लगेच कळव.

काळजीत,
भिंगरी


१४ मार्च

चि. भिंगरीस तिच्या ठणठणीत आजीचे आशीर्वाद.

या खेपेला लिहिणारा हात तुझ्या आईचा. तुझा बाप दाढ काढायला गेला होता, म्हणून तुझं पत्र तिने वाचलं आणि मला कळलं की मी फोटो उतरवायला सांगितलं. मी! अर्धा तास तोंड चालवलं होतं मी. एवढ्याशा कागदात ते मावलं कसं, असं मी तेव्हाच विचारलं, तर म्हणाला अक्षर बारीक काढलंय. सुजलेला गाल घेऊन घरी आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. मला येत होतं.

पण त्याच्यावर चिडू नकोस. तो माझ्या शिवणाच्या टेबलाखाली वाढला. पुरुषांचे कोट शिवणारी बाई म्हणून गिऱ्हाइकं काय काय बोलायची ते त्याने तिथे बसून ऐकलं, आणि आई मान खाली घालून टाके घालते हेही पाहिलं. नऊ वर्षं मी गप्प होते. त्याला वाटतं, आपलं घर त्या गप्प बसण्यावर चाललं. अगं, घर टाक्यांवर चाललं! तो शिकायला बाहेर गेल्यावर जे झालं, ते त्याने पाहिलंच नाही.

मला अक्षर येत नाही, म्हणून दर गिऱ्हाइकाच्या मापाचा एक दोरा असायचा. छातीची एक गाठ, बाहीची दुसरी, खांद्याची तिसरी. भिंतभर दोरे टांगलेले, कुठला कुणाचा ते बोटांना कळायचं. एकदा एक वकील भरल्या दुकानात म्हणाला, की बाईला माप कुठलं कळतंय, पण तिने दोरा लावला की कोट न बसला तरी चालतो. सगळे खिदळले. मी तयार कोट काढून त्याच्या अंगात घातला, त्याला आरशासमोर उभं केलं आणि माझा खडू त्याच्या हातात दिला. जिथे चुकलंय तिथे खूण करा, आत्ताच्या आत्ता उसवते, म्हटलं. बिचारा बाही ओढतोय, मागे वळून बघतोय, खूण काही होईना. हसणारे आता त्याच्या हाताकडे बघत होते. शेवटी खडू ठेवला. पुढचे तीन कोटही माझ्याकडेच शिवले त्याने. तिसऱ्या वेळी काखेतली एक सुरकुती खरोखर दाखवली, ती मी मुकाट्याने उसवली.

तर भिंगरे, फोटो परत टाक आणि साहेबाच्या हातात खडू दे. तक्रारीचं बटण असतं म्हणे, तेही दाब, बटणं दाबायलाच असतात. पण आधी खडू. आणि कुणी खरी सुरकुती दाखवली तर तोंड वाकडं करू नकोस. जागा हातची जाईलही. ती भीती मलाही आहे, तुझ्या बापाला तेवढं सांगू नकोस.

तुझ्या आईचा हात दुखायला लागला. माया आहे तेवढी पुरवून वापर.

तुझी आजी


२४ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

फोटो पुन्हा टाकला. साहेबांचं वाक्य जसंच्या तसं वर लिहिलं आणि विनंती केली, की जोडणीत दोष दिसेल तिथे फोटोवर गोल करून दाखवावा, मी जाऊन दुरुस्त करीन. साहेब दोन दिवस गायब! मग एका निवृत्त फिटरकाकांनी खरंच गोल केला. लिफ्टच्या दोराच्या टोकाचा नट सैल होऊ नये म्हणून त्यात आडवी पिन घालतात, ती राहिली होती. सकाळी सातला जाऊन पिन घातली, नवा फोटो टाकला, चूक कबूल केली, काकांचे आभार मानले. तेव्हापासून खाली फक्त लिफ्टवर चर्चा आहे, आणि नऊ मुलींनी आपापल्या कामाचे फोटो टाकून दोष दाखवा म्हटलंय. साहेबांनी मस्करी होती असं लिहिलं, मग तेही पुसलं.

मुलाखतीत तिघांतल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, पिन राहिली कशी? मी सांगितलं, की ती जोडणी मीच केली आणि मीच तपासली, म्हणून. आता करणारा एक, तपासणारा दुसरा. साहेब कागद चाळत होते. परवा कळलं, दुसऱ्या फेरीला बोलावलंय!

बाबांना सांग, मी रागावलेली नाही.

तुझी भिंगरी


२९ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

हात तुझ्या बापाचा, तोंड माझं. तुझी आई शेजारी बसून ओळ न् ओळ बघतेय. लिहिणारा एक, तपासणारी दुसरी, तुझ्याच पद्धतीने.

वकिलाची गोष्ट आता त्याला सांगितली. आधी का नाही सांगितलीस, म्हणाला. तू विचारलं नाहीस, असं मी म्हटलं खरं, पण त्या गप्प बसलेल्या नऊ वर्षांची मलाच लाज वाटायची. हेही लिही म्हटलं. लिहितोय भित्रा, नाक ओढत.

पाकिटात माझा खडू आहे, झिजून नखाएवढा उरलेला. दुसऱ्या फेरीला खिशात ठेव आणि कपड्यांबरोबर धुऊ नकोस. जागा मिळो न मिळो, मला आधी कळव, बाकीच्या जगाला मग.

तुला ओवाळून टाकायला अजून बरीच उरलेली,
आजी

ता. क. वरचं सगळं माझ्या आईने सांगितलं तसंच आहे, "भित्रा" धरून. मी त्या साइटवर खातं उघडलं. तुझ्या फोटोवर मीही एक गोल केलाय, पाना धरलेल्या हाताभोवती. तिथे काही चुकलेलं नाही. तू पाना अगदी आजी कात्री धरते तसा धरलायस, एवढंच दाखवायचं होतं. — बाबा