टाकीवरचं आवरण

नाना, तुमच्या मोटरसायकलचा दोष सापडला. इंजिनात काहीच नाही. काल सीपरी बाजारातला मिस्त्री स्वतः तिच्यावर बसून चिरगावच्या रस्त्याने गेला आणि त्यानेच खात्री करून सांगितलं.

तुम्ही गेल्यावर ती कित्येक वर्षं अंगणात उभी होती. यंदा तुमच्या नातीला चिरगावला नोकरी लागली, म्हणून तिने ती चालू करून घेतली. पण शहर मागे पडलं की गाडी गचके द्यायची आणि भर रस्त्यात बंद पडायची. मागून ट्रक येत असतात. पुन्हा असं झालं तर विकून टाकायची, असं मी ठरवलं होतं. मिस्त्रीने प्लग बदलला, पॉइंट घासले, कार्बोरेटर धुतला. त्याच्या दुकानात गाडी सुरळीत चाले, आमच्याकडे आली की तेच. कारण दुकानात तो आधी टाकीवरचं रेक्झिनचं आवरण काढून ठेवायचा आणि गाडी परत देताना नीट चढवून द्यायचा. काल रस्त्यात बंद पडल्यावर त्याने आवरण उचकटून टाकीचं झाकण सैल केलं. सूं करून हवा आत गेली आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. "भाईसाहब, टंकी को साँस ही नहीं मिल रही थी," तो म्हणाला. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला हवी, आणि झाकणातलं हवेचं छिद्र आवरणाखाली गच्च दाबलं जात होतं.

ते आवरण आईने शिवलंय. तुमच्या वेळी शिवायची तसंच, लाल गोट लावून. लहानपणचं अजून डोळ्यांसमोर आहे: मी मागे बसलोय, सीपरीचं वळण ओलांडलं की तुम्ही थांबता, आवरण काढून त्याची घडी घालता आणि पिशवीत डब्याखाली ठेवता. परतताना त्याच वळणावर पुन्हा चढवता. मला वाटायचं, तुम्हाला त्या लाल गोटाची लाज वाटते. एकदा विचारलं तर म्हणालात, "घरी बोलायचं नाही. तिने बोटं टोचून घेऊन शिवलंय."

काल संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. मुलीच्या जिवाचा प्रश्न होता, सांगणं भाग होतं. ती रडेल, या तयारीनेच बसलो होतो. तिने चष्मा लावला आणि कात्री मागितली.

"इतकी वर्षं पिशवीत घालून नेलं? एक भोक ठेव म्हणाले असते तर मी काय जीव दिला असता?"

मग तुमच्यावर बरंच बोलली. नात मध्ये पडली, "आजी, अब जाने दो ना," तर तिलाही ऐकावं लागलं. आज त्या भोकाच्या कडेलाही लाल गोट बसलाय.

हे पाठवायचं कुठे, म्हणून वहीतच राहील. उद्या सकाळी नात आवरणासकट निघेल आणि पोहोचली की फोन करेल. आई फोनपाशी बसणार आहे. गाडी न थांबता पोहोचली, तर विकायचा विषय संपला. मग आई तुमच्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. मी तुमची बाजू घेणार नाही, नाना. तिचं म्हणणं मला पटलंय.