दुसऱ्या फेरीच्या गोळ्या

९ नोव्हेंबर

आजही बाबांनी रुग्णालयानं रोजच्या नोंदींसाठी दिलेल्या वहीत लिहिलं — ‘भूक चांगली. त्रास नाही.’ काय ते अक्षर! रेल्वे स्टेशनातल्या नोकरीत नोंदी लिहून घोटलेलं. सकाळी अर्धी वाटी पेज घेतली, तीही ओकून टाकली.

जठर काढून चौथा महिना. वय ब्याऐंशी, वजन अडतीस किलो. आणि वर्षभर केमोच्या गोळ्या — चार आठवडे घ्यायच्या, दोन आठवडे सुट्टी. ही दुसरी फेरी.

१२ नोव्हेंबर

शेजारच्या हारुयो काकू लोणच्याचे मुळे धुरावर वाळायला टांगून थेट इकडेच आल्या. बाबांना म्हणाल्या, “किंसाकू-सान, आमचे मुळेसुद्धा इतके वाळत नाहीत हो!” बाबा हसले. तोंडभर फोड. हसताना ओठ फाटला, तो गुपचूप रुमालानं टिपला.

१६ नोव्हेंबर

सेन्दाईहून दादाचा फोन. उपचार अर्धवट सोडायचे नाहीत म्हणे. फोनवरून सांगायला काय जातं — चादरी मी धुते!

वाईट लिहिलं. खोडत नाही. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी दादाला आणि मला गोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा मान मीही डोलावली होती. बाबा शेजारीच बसले होते. त्यांना कुणी विचारलंच नाही.

२० नोव्हेंबर

तपासणी. डॉक्टर ओनोदेरांनी वही चाळली, शाबासकी दिली. काही त्रास? बाबा कमरेतून वाकून म्हणाले, काही नाही, आपली कृपा. भिडेपोटी मरतील एक दिवस!

मी बाबांच्यादेखत बोलले असते तर त्यांना मान वर करता आली नसती. म्हणून ते बाहेर कोट चढवत होते तेवढ्यात मी पुन्हा आत गेले. उलट्या, जुलाब, बाबा न्हाणीघरात पडले ते — सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या थांबवू या. या प्रकृतीला पुन्हा सुरू करणार नाही.

बाबांना सांगितलं, डॉक्टरांनीच ठरवलं. खोटं. ते गाडीच्या खिडकीतून बर्फ बघत राहिले. गाडी चालवताना मला कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं. कुणासाठी केलं — त्यांच्यासाठी, की चादरींसाठी? खरंच सांगता येत नाही.

२३ नोव्हेंबर

बाबांनी विचारलं, “डॉक्टरांना कुणी सांगितलं?”

मी, म्हटलं. तुम्ही भिडेनं बोलत नव्हतात म्हणून.

“भीड कसली? खरं सांगितलं असतं तर गोळ्या बंद केल्या असत्या. मला जगायचं होतं, शिनोबु.”