आवाजाला आधी वाट

परतूर, गुरुवार, संध्याकाळ

जीव थाऱ्यावर न्हाई म्हणून लिहून राह्यलो. समोरच्या गायकवाड सरांच्या स्नेहलची नोकरीची मुलाखत आत्ता चालू आहे, मी गल्लोगल्ली वायर टाकून देतो त्या माझ्याच इंटरनेटवर. आणि नेमकी आजच मॅच!

मॅच असली की मी दुकानाच्या पायरीवर बसून गल्ल्या ऐकतो. सगळे माझ्याच नेटवर मॅच बघतात, म्हणून विकेट पडल्यावर जी गल्ली उशिरा ओरडते, तिची लाइन तुंबलेली. आज आमचीच गल्ली सगळ्यात शेवटी ओरडली. तेवढ्यात सरांचा फोन, "भाऊ, पोरीचा आवाज तुटून राह्यला, काहीतरी करा जल्दी."

दुकानातल्या नेटच्या मशीनमध्ये व्हिडिओला पहिला नंबर मीच देऊन ठेवलेला. का? मॅच अटकली की लोक शिव्या घालतात. बोलणं तुटलं तर बिचारे नुसते पुन्हा 'हॅलो' म्हणतात. मंग आज आवाजाला पुढं घेतलं, मॅचला मागं ढकललं.

लगेच कोपऱ्यावरच्या टेलरचा फोन, "शेठ, बॅट्समन दिसतो, बॉल दिसत न्हाई! उद्या तुमची वायर काढून न्या."

"बॉल सापडला की कळवतो," म्हणालो. हसलो खरा, पण हा गेला तर त्याच्या मागं सगळी गल्ली जाईल. आणि उशीर तर झालाच न्हाई ना? पोरीची सुरुवात तर तुटकीच गेली.

फोन वाजूनच राह्यला. उचलत न्हाई. सरांच्या खिडकीतून स्नेहलचं बोलणं ऐकू येतंय. इंग्रजी, मला अर्धंच कळतं. पण 'माझा आवाज येतोय का' असं तिनं मघापासून एकदाही विचारलं न्हाई.